दहा वर्षं जुनं जँगो ॲप आहे, सगळं नव्याने लिहायचं की आहे तेच सुधारायचं?

सानपाडाकर

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी झालीये पण पूर्ण वाचा प्लीज, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे आणि मी तिथे काय बोलायचं तेच मला ठरवता येत नाहीये.

मी वाशीला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही चार डेव्हलपर. आमचं ॲप एपीएमसी मार्केटमधल्या गाळेवाल्यांसाठी आहे, म्हणजे आवक नोंदवायची, विक्री टाकायची, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, काढायची, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करायचं आणि खरेदीदाराची उधारी बघायची. २०१४ ला सुरू झालं, मागे जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), पुढे पानाचे साधे साचे म्हणजे टेम्प्लेट आणि जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी), सर्व्हर एकच. पट्टीच्या ओळींच्या टेबलात आता ६५ लाखांच्या वर रो (नोंदी) आहेत.

त्रास असा आहे की सकाळच्या गर्दीत गाळ्याचा डॅशबोर्ड उघडायला ३५-४० सेकंद लागतात, हापूसचा सीझन असला की सरळ टाइमआउट. महिन्याचा रिपोर्ट एक पांडाजची (पायथनची डेटा लायब्ररी) स्क्रिप्ट काढते, ती सर्व्हरची सगळी मेमरी खाते आणि मधेच मरते, मग मी दुपारी हाताने परत चालवतो. डिप्लॉय, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढवणं, रात्री साडेअकराला एसएसएचने सर्व्हरवर शिरून गिट पुल (नवीन कोड ओढणं) आणि रीस्टार्ट. कोड आपोआप तपासणारी टेस्ट एकही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनवरचा दिवसाचा आकडा आणि रिपोर्टमधला आकडा जुळत नाही, भाजीपाला मार्केटच्या दोन गाळेवाल्यांनी तर आता वही परत सुरू केलीये. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण ती वही बंद करायला मीच त्यांच्यामागे सहा महिने लागलो होतो.

आमच्या सरांचं म्हणणं, सगळं टाकून द्या, मायक्रोसर्व्हिसेस करा (एका ॲपऐवजी अनेक छोटी वेगळी ॲप्स), पुढे रिॲक्ट (ब्राउझरमधल्या स्क्रीनसाठी), मागे मोंगो (टेबलांशिवायचा डेटाबेस), आठ महिन्यांत नवीन प्रॉडक्ट. मला नवीन शिकायला आवडेल, खोटं कशाला बोलू, रेझ्युमेला पण चांगलं. पण आठ महिने म्हणजे पुढचा हापूस याच जुन्यावर काढायचा. आजकाल डेटावाली वेब ॲप्स नक्की कशी बनवतात, त्यातलं आमच्यासारख्या चार जणांना काय झेपेल, आणि सुरुवात कुठून करू?

मुलुंड_पूर्व

भावा, मोंगो नको. पट्टी, शेतकरी, गाळा, उधारी, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि पैशाचा हिशोब आहे. हे रिलेशनल, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टेबलांच्या डेटाबेसचंच काम. ६५ लाख रो पोस्टग्रेससाठी काहीच नाही रे, तुमच्या क्वेरीतच (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच) कुठेतरी लोच्या आहे. क्वेरीताई येतील आता, थांब.

क्वेरीताई

आले. आधी दोन गोष्टी करून बघा आणि इथे सांगा, त्याशिवाय मी काही बोलणार नाही, कारण न मोजता दिलेला सल्ला म्हणजे अंधारात दगड.

पहिलं, तुमच्या मशीनवर जँगो डीबग टूलबार लावा आणि तोच डॅशबोर्ड उघडा, किती क्वेरी जातात तो आकडा बघा. दुसरं, पोस्टग्रेसमध्ये पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करा. त्याला एकदा डेटाबेस रीस्टार्ट लागतो, पण मग कुठली क्वेरी किती वेळा आली आणि तिने एकूण किती वेळ खाल्ला हे आयतं मिळतं. एका क्वेरीला किती वेळ लागला यापेक्षा एकूण वेळेवर लक्ष ठेवा, कारण पाच मिलिसेकंदाची क्वेरी दिवसात लाख वेळा आली तर खरी दुखणारी तीच असते. सगळ्यात वरच्या दोन-तीन घ्या आणि त्यांच्यावर एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी आत कशी चालली ते दाखवणारी कमांड) चालवा, त्यात सिक्वेन्शिअल स्कॅन, म्हणजे सगळं टेबल वाचणं, दिसतोय का आणि फिल्टरने किती रो फेकून दिल्या ते बघा.

अजून एक. रात्री साडेअकराला डिप्लॉय करता असं लिहिलंय, पण भाजीपाला मार्केट तर रात्रीच जागं असतं ना? बाकीच्या ऑफिसांची रात्र रिकामी असते, तुमच्या गाळेवाल्यांची नाही. ही सवय कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीतून आलीये, ती बदला. दुपारी तीन-चारला डिप्लॉय करा, माणसं झोपलेली असतात आणि तुमचे चौघे जागे असतात.

सानपाडाकर

ताई, दुपारची गोष्ट इतकी सरळ आहे आणि आम्हाला इतक्या वर्षांत सुचली नाही.

मोजलं. एका डॅशबोर्डला ६१३ क्वेरी. मी दोनदा रिफ्रेश केलं, मला वाटलं टूलबारच चुकतोय. टेम्प्लेटमध्ये प्रत्येक पट्टीसमोर शेतकऱ्याचं नाव आणि गाव दाखवतो, त्या दिवशी त्या गाळ्याच्या तीनशेच्या आसपास पट्ट्या होत्या, म्हणजे प्रत्येकीला दोन-दोन जास्तीच्या क्वेरी.

एक्सप्लेनमध्ये सिक्वेन्शिअल स्कॅन आहे आणि फिल्टरने जवळजवळ सगळंच टेबल फेकलंय. पण ताई, क्रिएटेड ॲट (एंट्री कधी झाली तो कॉलम) वर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आहे आमच्याकडे, मी स्वतः बघितला. मग तो वापरत का नाही?

क्वेरीताई

६१३ म्हणजे एन प्लस वन, या धंद्यातला सगळ्यात जुना आजार. एक क्वेरी यादीची आणि मग यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा वेगळी. जँगोत उपाय एका ओळीचा, सिलेक्ट रिलेटेड लावून शेतकरी आणि त्याचं गाव जॉइनमध्येच (टेबलं जोडून एकाच क्वेरीत) आणा, आणि जिथे एकाला अनेक असं नातं आहे, म्हणजे एका पट्टीच्या अनेक ओळी, तिथे प्रीफेच रिलेटेड. ६१३ चे पाच-सात होतील. आणि तेवढ्यावर थांबू नका, असर्ट नम क्वेरीज (जँगोची क्वेरी मोजणारी तपासणी) वापरून त्या पानावर एक टेस्ट लिहा, की हे पान इतक्याच क्वेरीत उघडलं पाहिजे. नाहीतर दोन महिन्यांनी कुणीतरी टेम्प्लेटमध्ये खरेदीदाराचं नाव घालेल आणि आकडा परत सहाशेवर.

इंडेक्सचं कारण बहुतेक हे असणार की तुम्ही क्रिएटेड ॲट वर डेटचा फिल्टर लावलाय, ॲट अंडरस्कोर अंडरस्कोर डेट वाला. जँगो त्याचं रूपांतर असं करतं की आधी प्रत्येक रोची वेळ भारतीय वेळेत बदल, मग तिची तारीख काढ, मग ताडून बघ. तुमचा इंडेक्स आहे मूळ वेळेवर, आणि क्वेरी विचारतेय त्या वेळेतून काढलेल्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल, मग तो कसा वापरणार. तात्पुरता उपाय म्हणजे सुरुवातीची वेळ आणि शेवटची वेळ अशी रेंज द्या, इंडेक्स लगेच पकडेल.

पण आता मला तुमच्या न जुळणाऱ्या आकड्याचा पण संशय येतोय. ती पांडाजची स्क्रिप्ट तारीख कशी काढते?

सानपाडाकर

स्क्रिप्ट डायरेक्ट एसक्यूएलने सगळं टेबल उचलते आणि मग पांडाजमध्ये डीटी डॉट डेटने वेळेतून तारीख काढते.

क्वेरीताई

मग सापडलं. जँगोत यूज टीझेड (टाइमझोनची सेटिंग) चालू असलं की डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, राहते आणि कनेक्शन पण यूटीसीतच बोलतं. स्क्रीनवर जँगो ती भारतीय वेळेत बदलून दाखवतं, तुमची स्क्रिप्ट बदलत नाही. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात टाकलेली प्रत्येक पट्टी तुमच्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवसात जाते. दुसऱ्या कुठल्या धंद्यात हे वर्षभर कळलं नसतं, पण तुमचा तर अर्धा व्यवहारच त्या साडेपाच तासांत होतो!

सानपाडाकर

ताई मी आत्ता जागेवरून उठून सरांना जाऊन सांगितलं. तक्रार भाजीपाल्याच्याच गाळ्यांची होती, कांदा-बटाट्यावाल्यांची कधीच नव्हती, कारण त्यांचा व्यवहार दिवसा. आम्ही दीड वर्ष त्या दोघांना सांगत होतो की तुमचा माणूस एंट्री चुकवतोय.

गोरेगावकर_७८

मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली, सुरुवात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसपासून, म्हणून एक सांगतो, टाइमझोन दुरुस्त केला तरी हा प्रश्न अर्धाच सुटणार आहे. एंट्री कधी टाकली ही एक गोष्ट आणि तो माल कुठल्या दिवसाच्या बाजाराचा ही दुसरी गोष्ट. रात्री साडेदहाला गाडी लागली, माल उतरला, एंट्री झाली, तो माल विकला जाणार पहाटे. गाळ्यावरचे मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारे, तो कुठल्या तारखेला धरतात? तुम्ही त्यांना कधी विचारलंय का? माझा अंदाज आहे की त्यांच्या डोक्यात दिवस बारा वाजता बदलत नाही.

एक पहाट काढा आणि गाळ्यावर जाऊन बसा. स्टूल मागून घ्या आणि नुसतं बघा. मग टेबलात बाजार दिनांक असा वेगळा कॉलम करा, साधा डेट प्रकारचा, जो एंट्री होतानाच भरला जाईल आणि गरज पडली तर मेहताजी बदलू शकतील. सगळे रिपोर्ट त्याच्यावर. क्रिएटेड ॲट फक्त कोणी कधी काय टाकलं ते तपासायला. आणि मग गाळा आणि बाजार दिनांक असा दोन्हींचा मिळून एक इंडेक्स केला की क्वेरीताईंच्या रेंजची पण गरज उरत नाही.

नव्याने लिहिण्याबद्दल मला एवढंच विचारायचंय, तुमच्या कोडमध्ये अशा काही विचित्र अटी आहेत का ज्या का आहेत ते आज कुणालाच माहीत नाही?

सानपाडाकर

हो काका, आहे ना. अडतीच्या (गाळेवाल्याच्या कमिशनच्या) हिशोबात एक इफ, म्हणजे अट, आहे, जुलै २०१६ च्या आधीची तारीख असेल तर अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा, नंतरची असेल तर खरेदीदाराच्या बिलात. कमेंट नाही, लिहिणारा सोडून गेला. नवीन डिझाइनमध्ये आम्ही तो काढून टाकला होता, कचरा म्हणून.

गोरेगावकर_७८

तो कचरा नाही हो. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल केला, त्यावरून व्यापाऱ्यांनी बाजार बंद पण ठेवले होते. ज्याने तो इफ लिहिला त्याने त्या आठवड्यात बसून लिहिला असणार. आता एखादा शेतकरी २०१५ च्या पट्टीची नक्कल मागायला आला तर तुमचं नवीन ॲप त्याला चुकीची रक्कम छापून देईल. अशा किती अटी त्या कोडमध्ये असतील, विचार करा. दहा वर्षांचा बाजार त्यात साठलाय आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

म्हणून काहीही बदलायच्या आधी हे करा. प्रत्येक वर्षातल्या, प्रत्येक मार्केटच्या, वेगवेगळ्या प्रकारच्या तीनशे-चारशे पट्ट्या निवडा, आजचा कोड त्यांचं जे उत्तर देतो ते फाइलमध्ये जतन करा. तीच तुमची पहिली टेस्ट. नवीन कोडचं उत्तर पैशापैशाने तेच आलं पाहिजे. उत्तर वेगळं आलं तर तो तुमचा बग आहे की जुना बग आहे हे गाळेवाल्याला विचारून ठरवा, स्वतः ठरवू नका. आणि रक्कम कुठे फ्लोटमध्ये (अंदाजे दशांश) ठेवली असेल तर ती आधी डेसिमलमध्ये (अचूक दशांश) आणा, राउंडिंग एकाच ठिकाणी.

मुलुंड_पूर्व

काकांचं वाचून मी आमच्या कोडमधले इफ बघायला घेतले आज.

डिप्लॉयबद्दल मी लिहितो, ते माझं रोजचं काम आहे. चार जणांना मायक्रोसर्व्हिसेस झेपत नाहीत, सरळ सांगतो. आज जे एका प्रोसेसमध्ये फंक्शन कॉल आहे ते उद्या नेटवर्क कॉल होणार, मग त्याचा टाइमआउट, रीट्राय, वेगवेगळे लॉग, पट्टी बनली पण उधारी चढली नाही असले अर्धवट व्यवहार, हे सगळं सांभाळायला वेगळी माणसं लागतात. एकच ॲप ठेवा, आत नीट भाग पाडा, आवक वेगळी, पट्टी वेगळी, उधारी वेगळी, आणि एकाने दुसऱ्याच्या टेबलात डायरेक्ट हात घालायचा नाही एवढा नियम. पुढे खरंच गरज पडली तर तो भाग उचलून बाहेर काढता येतो.

त्याआधी सर्व्हरवरचा हात काढा. गिट पुल बंद. कोड मेनला (मुख्य शाखेला) गेला की गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबची पाइपलाइन, जे तुमच्याकडे असेल ते, आपोआप टेस्ट चालवेल, डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका पाकिटात) बनवेल, आणि बटण दाबलं की तीच इमेज सर्व्हरवर जाईल. बिघडलं तर आधीची इमेज परत लावायची, दोन मिनिटांचं काम. पासवर्ड वगैरे कोडमध्ये असतील तर एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, काढा. टेस्ट चालवताना डेटाबेस पण पोस्टग्रेसच ठेवा, सोपं पडतं म्हणून एसक्यूलाइट (एका फाइलचा छोटा डेटाबेस) घेऊ नका, तिथे पास झालेलं प्रॉडक्शनला (खऱ्या चालत्या सर्व्हरवर) पडतं, मी तो मार खाल्लाय. ब्रँच (कोडची वेगळी शाखा) एक-दोन दिवसांच्या वर जुनी होऊ देऊ नका.

आता बाजार दिनांकचा कॉलम, हा चालत्या ट्रेनमध्ये चढण्यासारखा प्रकार आहे, टप्प्याटप्प्यानेच करायचा. पहिल्या डिप्लॉयला फक्त कॉलम वाढवा, नल (रिकामा) चालेल असा, तो क्षणात होतो. दुसऱ्याला नवीन कोड दोन्हीकडे लिहायला लागेल, वाचणार मात्र जुन्याच कॉलमवरून. मग जुन्या ६५ लाख रो पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी भरा, मधे मधे थांबून, एकदम अपडेट मारलात तर टेबल फुगेल आणि बाकीचे अडकतील. आकडे ताडून बघा. मग वाचन नवीन कॉलमवर. इंडेक्स कन्करंटली बनवा म्हणजे लिहिणं थांबत नाही, जँगोत त्याला ॲड इंडेक्स कन्करंटली आहे, त्या मायग्रेशनमध्ये (टेबलाची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये) ॲटॉमिक फॉल्स करावं लागतं. नॉट नल (रिकामा चालणार नाही) अगदी शेवटी, आधी चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच नियम, नॉट व्हॅलिड (जुन्या रो न तपासता) म्हणून टाका, मग व्हॅलिडेट करून जुन्या रो तपासा, मग नॉट नल, पोस्टग्रेस १२ पासून असं केलं की परत सगळं टेबल वाचत बसत नाही.

चुनाभट्टी_डेटा

रिपोर्टच्या स्क्रिप्टबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी. ६५ लाख रो पायथनमध्ये ओढायच्याच कशाला? गाळ्याप्रमाणे महिन्याची बेरीज ही डेटाबेसमध्येच ग्रुप बाय (गट करून बेरीज) ने काढा, उत्तर येईल काही शे ओळींचं, पांडाजला तेवढंच द्या. मेमरीचा प्रश्न तिथेच संपला. जुन्या वर्षांवर मोठं ॲनालिसिस करायचं असेल, पाच वर्षांचे भाव वगैरे, तर दर वर्षाची एक पार्के फाइल (कॉलमनिहाय साठवणारी) काढून ठेवा आणि आपल्या लॅपटॉपवर डकडीबी या छोट्या डेटाबेसने क्वेरी मारा, लागतील तेवढेच कॉलम वाचतं, चालत्या सर्व्हरला हात लागत नाही. फक्त त्या फाइलमध्ये शेतकऱ्यांचे फोन आणि बँक खाती नेऊ नका. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी लोकांचे खाते नंबर आपल्या लॅपटॉपवर घेऊन लोकलने फिरायचं नसतं. तेच एआयला कोड विचारताना, टेबलाची रचना द्या, खऱ्या रो देऊ नका.

आता मला खरं बोलायचंय ते नावांबद्दल. तुमच्या रिपोर्टमध्ये गावाप्रमाणे बेरीज असेल तर कऱ्हाड शोधून बघा. मी पैजेवर सांगतो दोन कऱ्हाड मिळतील, दिसायला अगदी सारखे. कारण तो आडवा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना फरक नाही, डेटाबेसला दोन वेगळी गावं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एक रूप देणं) करा, ते काही जोड्या एक करतं, र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ होतो, पण जॉइनरवाला तसाच राहतो, त्याला तुमचा स्वतःचा नियम लिहावा लागेल. ॲ चं पण तेच, एक अक्षर म्हणून वेगळं आणि अ वर चंद्र दिलेलं वेगळं, ते दोन एनएफसीने कधीच एक होत नाहीत. वर कुणीतरी कराड लिहिणार, कुणीतरी इंग्रजीत. म्हणून शेवटी गाव हे नावाने साठवायचंच नाही, कोडने साठवायचं. केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिच्यात प्रत्येक गावाला कोड आहे, तो घ्या आणि नाव फक्त दाखवायला.

आकड्यांचं पण बघा. मेहताजी मराठी कीबोर्डवरून गोण्या १२ अशा देवनागरीत टाकणार. पायथनचा इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ते आनंदाने घेतो, जावास्क्रिप्टचा नंबर (तिथलं तसंच फंक्शन) घेत नाही. उद्या बेरीज ब्राउझरमध्ये करायला लागलात की तिथे अडकाल.

सानपाडाकर

तीन कऱ्हाड निघाले. तिसऱ्याच्या मागे स्पेस होती.

अंबरनाथ_लोकल

मी जरा वेगळं बोलतो, रिॲक्टला सगळे एकदम नको नको करतायत ते मला पटत नाही. मी अशाच एका ठिकाणी काम केलंय, शेडच्या आत मोबाइलला रेंज येते जाते. साध्या फॉर्मवर सबमिट दाबलं, चक्र फिरत राहिलं, माणसाने परत दाबलं, एंट्री दोनदा. किंवा पान गेलं आणि चाळीस ओळी गेल्या. जिथे माणूस उभा राहून मोबाइलवर आवक टाकतोय त्या एका स्क्रीनला खरंच ब्राउझरमध्ये साठवून ठेवणारं आणि रेंज आली की पाठवणारं काहीतरी हवं. ते रिॲक्टमध्ये करा की आणखी कशात, पण त्या एकाच स्क्रीनला करा, बाकीचे रिपोर्ट, याद्या, सेटिंग टेम्प्लेटवर मस्त चालतात, हवं तर त्यात एचटीएमएक्स (पानाचा फक्त एक भाग बदलणारी छोटी लायब्ररी) घाला.

आणि दोनदा एंट्रीचं कायमचं औषध ब्राउझरमध्ये नाही, डेटाबेसमध्ये आहे. प्रत्येक एंट्रीला मोबाइलवरच एक यूयूआयडी (कधीच न जुळणारा ओळख क्रमांक) द्या, टेबलात त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (दोनदा नको असा नियम), आणि घालताना ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे आधीच असेल तर काही करू नको. मग तीच एंट्री दहा वेळा आली तरी एकदाच बसणार. एक्सेलमधून माल चढवत असाल तर तिथे पण हेच तत्त्व, तीच फाइल परत चढवली तरी काही बदललं नाही पाहिजे, आणि मूळ फाइल जशी आली तशी जपून ठेवायची.

गोरेगावकर_७८

अंबरनाथ यांचं बरोबर आहे, ती एक स्क्रीन वेगळी करावी.

बॅकअपचं कुणी विचारलं नाही. घेता का, हे मी विचारत नाही, परत लावून कधी बघितलाय, हे विचारतो. गिटलॅबने २०१७ च्या जानेवारीत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली आणि मग कळलं की बॅकअपच्या ज्या पाच पद्धती त्यांनी लावल्या होत्या त्यातली एकही धड चालत नव्हती, कुणीतरी काही तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत होती म्हणून सहा तासांच्या आसपासचाच डेटा गेला. त्यांनी ते सगळं उघडपणे लिहिलं, वाचण्यासारखं आहे. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर उभा करा, आणि त्याच्यावर त्या चारशे पट्ट्यांची टेस्ट चालवा.

सानपाडाकर

मंडळी, पाच आठवडे झाले, काय काय झालं ते सांगतो.

मीटिंगला मी रिॲक्ट, मोंगो काही काढलंच नाही, फक्त दोन गोष्टी दाखवल्या. एक, त्याच सकाळी सिलेक्ट रिलेटेड आणि वेळेची रेंज घालून स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ठेवलेला डॅशबोर्ड, सव्वा सेकंदात उघडला. दुसरं, २०१५ ची एक पट्टी, जुन्या कोडमधून आणि आमच्या नवीन डिझाइनच्या प्रोटोटाइपमधून, दोन्हीत अडतीचा फरक. सर बराच वेळ ती पट्टीच बघत होते, मग म्हणाले, मोबाइलची आवक स्क्रीन नवीन करा, बाकी आहे त्याच्यावर चालू द्या.

क्वेरी ६१३ वरून ९ वर आल्यात आणि टेस्ट लावलीये, परवाच आमच्यातल्या एकाच्या बदलाने ती पडली आणि पाइपलाइनने अडवलं. चारशेच्या ऐवजी ३६० पट्ट्या झाल्या, त्यात सहा ठिकाणी जुनाच कोड चुकत होता, तोलाईच्या राउंडिंगमध्ये. बॅकअप उभा करून बघितला, पहिल्या वेळी उभा राहिला नाही, डेटाबेसचे रोल (वापरकर्ते) तयारच केलेले नव्हते, आता राहतो.

आणि काका, मी गाळ्यावर गेलो. पहाटे तीनला पोचलो, सहापर्यंत बसलो. मेहताजी एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्या हाताने मोबाइल, कानाला दुसरा फोन, समोर कोथिंबिरीची जुडी ओली, बोटं ओली, स्क्रीनवर बोट चालत नाही म्हणून करंगळीने टाकतात. आमचं सेव्हचं बटण खाली कोपऱ्यात आहे, तिथे करंगळी पोचत नाही, म्हणून दर वेळी फोन खाली ठेवून दाबायचे. हे मला ऑफिसात बसून जन्मात कळलं नसतं. दिवसाचं विचारलं, तर त्यांच्याकडे रात्री आठनंतर आलेली गाडी दुसऱ्या दिवसाच्या बाजारात धरतात. शेजारच्या गाळ्यावर विचारलं तर तिथे नऊ. म्हणजे ही वेळ गाळ्याप्रमाणे सेटिंगमध्ये ठेवावी लागणार, कोडमध्ये नाही.

निघताना त्यांनीच विचारलं, आकडा आता जुळेल ना. मी म्हटलं पंधरा दिवस वही चालूच ठेवा, रोज संध्याकाळी आपण दोघं ताडून बघू. आजचा अकरावा दिवस, अजून फरक आलेला नाही.

उद्या बुधवारी दुपारी तीनला बाजार दिनांकचा नॉट नल टाकतोय, शेवटचा टप्पा.

क्वेरीताई

बटण वर घ्या आधी!

आणि उद्याच्या मायग्रेशनला लॉक टाइमआउट, म्हणजे टेबलाचा ताबा मिळायला किती वेळ थांबायचं ती मर्यादा, लावलाय का? एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर तुमचा अल्टर (टेबल बदलणारी कमांड) त्याच्यामागे थांबेल आणि त्या टेबलावर नंतर येणारी प्रत्येक क्वेरी त्याच्यामागे. काम छोटं असलं तरी रांग मोठी होते.

सानपाडाकर

लावलाय ताई, तीन सेकंद. नाही मिळालं तर सोडून परत प्रयत्न करेल. बटण सोमवारीच वर गेलं.